रेवस ते रेड्डी : एका रेघेतल्या खाड्या

१२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावाशेवा या अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि रेवस-रेड्डी सागरी महामार्ग पुन्हा बातम्यांत दिसू लागला. करंजा-रेवस पूल, बाणकोटचा पूल, जयगडचा पूल, भूसंपादन, निविदा असे शब्द रोज कानावर पडतात. वाचणाऱ्याचा गोंधळ होतो, कारण याच महामार्गाबद्दल त्याच्या वडिलांनीही तरुणपणी वाचलेलं असतं. एकजण म्हणतो, "तो महामार्ग होणार होणार म्हणताना आमची पिढी गेली." दुसरा म्हणतो, "होणार कसला, आहेच की! गेल्या मे महिन्यात आम्ही मुरूडहून हरिहरेश्वर करून दापोलीला त्याच रस्त्यानं गेलो."

दोघंही बरोबर आहेत. हा रस्ता अनेक वर्षांपासून आहे आणि अनेक वर्षांपासून अपुरा आहे. हे कसं, ते समजलं की पुढच्या बातम्या वाचणं सोपं जाईल.

रस्ता जातो तरी कुठून?

रेवस हे रायगड जिल्ह्यात, अलिबाग तालुक्याच्या उत्तर टोकाला, धरमतर खाडीच्या मुखाशी आहे. खाडीपलीकडे उरणजवळचं करंजा. रेड्डी सिंधुदुर्गात, वेंगुर्ला तालुक्याच्या दक्षिण टोकाला. त्यापुढे तेरेखोलची खाडी, आणि मग गोवा. या दोन टोकांमधलं अंतर रस्त्यानं सुमारे ५०० किलोमीटर आहे. सरकारी दप्तरात या मार्गाला प्रमुख राज्य महामार्ग क्रमांक ४ म्हणतात. लोक सागरी महामार्ग म्हणतात.

ढोबळ वाट अशी. रेवसहून अलिबाग, चौल, रेवदंडा. तिथं कुंडलिका नदीच्या खाडीवर पूल आहे, तो ओलांडला की साळाव, मग कोर्लई, काशीद, नांदगाव, मुरूड. मुरूडजवळच्या आगरदांड्याला रस्ता पाण्यापाशी येऊन थांबतो. समोर राजपुरी खाडी, पलीकडे दिघी. गाडी फेरीबोटीत चढवायची. रायगडात कित्येक ठिकाणी या बोटीला जंगलजेटी म्हणतात.

दिघीहून दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडला. पुन्हा पाणी. ही सावित्रीची बाणकोट खाडी. पलीकडे वेसवी, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातला मंडणगड तालुका. पुढे केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली तालुक्याची किनारपट्टी आणि दाभोळ. तिसऱ्यांदा पाणी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी. फेरीबोटीनं धोपाव्याला उतरायचं, गुहागर, पालशेत, हेदवी करत तवसाळ गाठायचं, की चौथ्यांदा पाणी : शास्त्री नदीची जयगड खाडी.

जयगडपासून मात्र वाट बरीच मोकळी होते. गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी, भाट्याचा पूल, पावस, पूर्णगडचा पूल, आडिवरे, जैतापूर, विजयदुर्गचा परिसर, देवगड, आचरा, मालवण, वेंगुर्ला, शिरोडा, रेड्डी. इथं बहुतेक खाड्यांवर पूल झाले आहेत. काही थेट किनाऱ्याजवळ, काही थोडे आत सरकून. मालवणच्या दक्षिणेला देवबागच्या टोकाशी कर्ली खाडी समुद्राला मिळते. तिथं पूल नाही. वेंगुर्ल्याचा रस्ता ती खाडी आत जाऊन ओलांडतो. ही 'आत जाऊन ओलांडण्याची' गोष्ट लक्षात ठेवा, कारण साऱ्या प्रश्नाची किल्ली तिच्यात आहे.

'राज्य महामार्ग' म्हणजे काय?

हा भाग थोडक्यात. १९४३ साली नागपुरात देशभरच्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि रस्त्यांची वर्गवारी ठरली. ती आजही थोड्याफार फरकानं चालू आहे. कालव्याचं पाणी शेतात येतं ते डोळ्यांसमोर आणा : मुख्य कालवा, त्याची शाखा, वितरिका, चारी आणि शेवटी शेतातला पाट. रस्त्यांचंही तसंच आहे. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग.

फरक रुंदीपेक्षा जबाबदारीचा आहे. राज्यघटनेनुसार राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या यादीत येतात, बाकीचे रस्ते राज्याच्या. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. त्यामुळे सागरी महामार्गावरच्या खड्ड्यासाठी दिल्लीकडे बोट दाखवून उपयोग नाही आणि ग्रामपंचायतीला दोष देण्यातही अर्थ नाही.

आपण कोणत्या रस्त्यावर आहोत ते कळायची सोपी खूण म्हणजे किलोमीटरचा दगड. वरची टोपी पिवळी असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवी असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी असेल तर ग्रामीण.

'महामार्ग' या शब्दानं मात्र फसगत होते. हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर चार पदरी रस्ता येतो. सरकारी भाषेत ती फक्त वर्गवारी आहे. दोन पदरी रस्ता म्हणजे सात मीटर डांबर, एक पदरी म्हणजे पावणेचार मीटर, आणि दोहोंच्या मधला साडेपाच मीटर. या मार्गावरचे कितीतरी तुकडे पूर्ण दोन पदरीसुद्धा नाहीत. समोरून एसटी आली की एकानं गाडी चिऱ्यांच्या गडग्याला टेकवायची आणि वाट द्यायची, असा हा महामार्ग आहे.

फणीचे दात

किनाऱ्यालगत सलग रस्ता आधीच का नव्हता? आपले पूर्वज काही कमी व्यापारी नव्हते. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला ही बंदरं शतकानुशतकं गजबजलेली होती. वेंगुर्ल्यात डचांची वखार होती.

उत्तर असं की त्या काळी किनाऱ्यालगतचा रस्ता म्हणजे समुद्रच होता. उत्तर-दक्षिण जायचं तर मचवा, गलबत, पुढं आगबोट. जमिनीवरचे रस्ते हवे होते ते दुसऱ्या कामासाठी : बंदरात उतरलेला माल घाटावर न्यायला आणि घाटावरचा माल बंदरात आणायला. म्हणून कोकणातले जुने मार्ग पूर्व-पश्चिम आहेत. चिपळूणहून कुंभार्ली घाट, रत्नागिरीहून आंबा घाट, राजापूरहून अणुस्कुरा, विजयदुर्गच्या बाजूनं फोंडा घाट, वेंगुर्ल्याहून आंबोली. नद्याही त्याच दिशेनं वाहतात, सह्याद्रीतून निघून पश्चिमेला. बाजार, वाहतूक, नातीगोती, सगळी वीण आडवी.

नंतर मुंबई-गोवा महामार्ग आला. जुना क्रमांक १७, आता ६६. तो उत्तर-दक्षिण आहे, पण किनाऱ्यानं जात नाही. पेण, माणगाव, महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूर, कणकवली, कुडाळ ही गावं नकाशात पाहा, सगळी आतली. कोकण रेल्वेही मुख्यतः आतूनच गेली. कारण उघड आहे. वाशिष्ठी चिपळूणला नदी असते, दाभोळला खाडी होते. सावित्री महाडला नदी असते, बाणकोटला खाडी होते. आतून गेलं की पूल लहान पडतो, पैसा वाचतो, काम लवकर उरकतं. मघाचं 'आत जाऊन ओलांडणं' ते हेच. अभियंत्यांनी शहाणपणाचाच निर्णय घेतला होता.

पण त्या निर्णयाची किंमत किनाऱ्यावरच्या गावांनी मोजली. केस विंचरायची फणी घ्या. तिचा कणा म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग. दात म्हणजे कण्यापासून समुद्राकडे जाणारे रस्ते : खेडहून दापोली-दाभोळ, चिपळूणहून गुहागर, हातखंब्याहून रत्नागिरी. दातांमधल्या फटी म्हणजे खाड्या. मुंगीला एका दाताच्या टोकावरून शेजारच्या दाताच्या टोकावर जायचं असेल, तर तिला अख्खा दात चढून कण्यापर्यंत यावं लागतं, कण्यावरून सरकावं लागतं आणि मग दुसरा दात उतरावा लागतो.

दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर धोपावे दिसतं. पलीकडची घरं, माड, दुपारच्या उन्हात चमकणारी गाडीची काचसुद्धा. रस्त्यानं तिथं जायचं तर दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असा शंभरहून अधिक किलोमीटरचा वळसा. २००३ मध्ये इथं गाड्या नेणारी फेरीबोट सुरू झाली, त्याआधी चारचाकीवाल्याला दुसरा इलाज नव्हता. माणसं होडीनं जात, पण गाडी, आंब्याच्या पेट्यांनी भरलेला टेम्पो आणि रुग्णवाहिका यांना होडी चालत नाही.

सागरी महामार्गाचा खरा अर्थ हा आहे. फणीच्या दातांची टोकं एकमेकांना बांधायची. टोकापर्यंतचे रस्ते, म्हणजे दात, बहुतेक ठिकाणी आहेतच. प्रश्न फटींचा आहे. म्हणून मी या प्रकल्पाकडे 'रस्ता' म्हणून बघायचं सोडून दिलं आहे. ती पुलांची माळ आहे. रस्ता हा तिच्यातला दोरा.

खाड्या इतक्या रुंद का?

शाळेत आपण एवढंच शिकतो की नदीच्या मुखातून भरतीचं पाणी जिथवर आत येतं त्या भागाला खाडी म्हणतात. पण सह्याद्री समुद्रापासून जेमतेम ५०-६० किलोमीटरवर. एवढ्याशा धावेच्या नद्यांची मुखं एवढी रुंद कशी?

सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या भरात, पृथ्वीवरचं भरपूर पाणी बर्फात अडकलं होतं आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. किनारा आजच्याहून कितीतरी पश्चिमेला होता. नद्या त्या खालच्या पातळीपर्यंत वाहत होत्या आणि वाहताना खोल दऱ्या कोरत होत्या. बर्फ वितळला, समुद्र वर आला आणि दऱ्यांची खालची तोंडं बुडाली. आपल्या खाड्या म्हणजे बुडालेल्या दऱ्या. म्हणूनच जयगड किंवा दाभोळच्या खाडीच्या दोन्ही अंगांना उंच डोंगर उभे दिसतात.

पूल बांधणाऱ्यासाठी याचा अर्थ फार महत्त्वाचा आहे. बुडालेल्या दरीत हजारो वर्षांचा गाळ साठलेला असतो. खांब उभा करायचा तर पाणी ओलांडून, गाळ भेदून, खालच्या पक्क्या खडकापर्यंत पाया न्यावा लागतो. त्यात दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. त्यात खारं पाणी, जे काँक्रीटमध्ये झिरपून आतली सळई गंजवतं. बारमाही ओढ्यावर साकव घालणं आणि खाडीच्या मुखावर पूल घालणं यांत तुलना होत नाही.

शिवाय पुलाखालून जायचं कोणाला, हाही प्रश्न असतो. दाभोळ, जयगड, दिघी इथं मासेमारीच्या नौका आहेत, जहाजं ये-जा करतात. पुलाला पुरेशी उंची हवी, मधला गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, रुंद हवा. उंची वाढली की दोन्ही बाजूंचे पोचमार्ग लांबतात, आणि पोचमार्ग लांबले की जमीन जास्त लागते. एका आकड्याला हात लावला की सगळे हलतात.

बोटीचे दिवस आणि अंतुले

कोकणी माणसाची मुंबईशी गाठ बोटीनं पडली. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट बंदराबंदराला थांबत जायची. मोठी बोट खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची आणि पडाव उतारूंना किनाऱ्यावर आणायचे. पावसाळ्यात ही लांबची वाहतूक बंद. म्हणजे जून ते ऑगस्ट, नेमकं लोकांना आजारपणात आणि शेतीत एकमेकांची गरज असे तेव्हा, किनाऱ्याची गावं एकमेकांपासून तुटत.

आणि समुद्र धोका द्यायचा. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावस्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्य महिनाभरावर आलं होतं आणि अलिबागच्या कितीतरी घरांत सुतक होतं. आज आपण ज्याला महामार्गाचा 'शून्य किलोमीटर' म्हणतो त्या रेवसची ही आठवण आहे. पूल हवा म्हणणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या मनात पर्यटन नसतं, ही बोट असते.

किनारी महामार्गाची कल्पना राजकीय पातळीवर जोरात मांडली गेली ती बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८० ते १९८२ या काळात. ते म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे. सावित्रीच्या खाडीकाठी वाढलेल्या माणसाला पुलाचं मोल सांगावं लागत नाही. त्यांच्याच काळात कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं आणि १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाला. रेवस-करंजा पुलाची चर्चा तेव्हापासूनची. पुढं आगबोटींची सेवा बंद पडली, रस्ता तुकड्यातुकड्यांनी होत गेला, लहान खाड्यांवर पूल झाले. मोठ्या खाड्या राहिल्या.

मग चाळीस वर्षं नुसती भाषणंच झाली का?

हा राग मी समजू शकतो, पण उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे.

पहिली अडचण हिशेबाची. सार्वजनिक बांधकाम विभागाचं वार्षिक अंदाजपत्रक हे कुटुंबाच्या महिन्याच्या पगारासारखं असतं. त्यातून डागडुजी होते, एखादी खोली वाढवता येते. नवं घर बांधता येत नाही, त्याला कर्ज लागतं. खाडीवरचा मोठा पूल हे नवं घर आहे. म्हणून १९९६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे हा प्रकल्प आला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग याच महामंडळानं केले. महामंडळ कर्ज उभारू शकतं. पण कर्ज फेडायचं तर वाहनांची संख्या मोठी लागते आणि तवसाळ-जयगड रस्त्यावर मुंबई-पुण्याइतकी वाहनं कधीच येणार नाहीत. निव्वळ टोलच्या हिशेबानं पाहिलं तर यातले बहुतेक पूल तोट्याचे दिसतात. ते व्हायचे तर सरकारनं सामाजिक गरज म्हणून पैसा घालावा लागतो, आणि असा निर्णय दर निवडणुकीनंतर पुढं ढकलणं सोपं असतं.

दुसरी अडचण परवानग्यांची. किनारपट्टी नियमन क्षेत्राची अधिसूचना पहिल्यांदा १९९१ साली निघाली, मग २०११ आणि २०१९ मध्ये बदलली. खाडीच्या काठानं तिवरांची राई असते, म्हणजे कांदळवन. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानं कांदळवन आणि त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टा संरक्षित आहे. सार्वजनिक हिताचं काम असेल तरच, आणि तेही न्यायालयाची परवानगी घेऊन, तिथं हात लावता येतो. काहीजण याला अडथळा म्हणतात. मला तसं वाटत नाही. उधाणाचं पाणी अडवतात ती तिवरं, माशांची पिल्लं वाढतात ती तिवरांच्या मुळांत. मासळी नसेल तर हर्णैच्या लिलावातली मासळी नेण्यासाठी रस्ता बांधून काय उपयोग? मात्र परवानगीला वेळ लागतो, आणि अर्ज अपुरा असेल तर फार वेळ लागतो.

तिसरी अडचण जमिनीची, आणि ही खास कोकणातली. पाच गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर वीस-वीस नावं असतात. आजोबांच्या नावावरची जमीन सामायिक, निम्मे वारस मुंबईत, काही परदेशात, दोघांचं आपसांत बोलणं नाही. मोबदला कोणाला द्यायचा हे ठरेपर्यंत वर्ष निघून जातं. शिवाय रस्त्याच्या आखणीत येतात ती माडांची आगरं, पोफळीच्या वाड्या, हापूसच्या बागा. कलम धरायला लागून घर पोसू लागेपर्यंत पंधरा वर्षं जातात. त्याची किंमत फक्त चौरस मीटरच्या दरानं लावली तर माणूस सही करत नाही, आणि का करावी?

चौथी, पावसाळा. खाडीत काम चालतं ते दसरा-दिवाळीपासून मे अखेरपर्यंत. निविदा मार्चमध्ये निघाली की पहिला हंगाम वाया गेलाच.

या सगळ्याचं दुखणं एकाच ठिकाणी पाहायचं तर बाणकोट खाडीत पाहावं. पुलाचं काम सुरू झालं आणि अर्धवट थांबलं. फेरीबोटीतून जाताना पाण्यात उभे असलेले खांब दिसतात. लहान मुलं विचारतात, हे काय आहे. आईबापांना उत्तर देता येत नाही.

याच सावित्रीवर, वर महाडला, वेगळं चित्र दिसलं होतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, एसटीच्या गाड्यांसह माणसं गेली. त्यानंतर नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला. तिथं पैसा तयार होता, जागा तयार होती, नदी अरुंद होती आणि साऱ्या राज्याचं लक्ष होतं. खाडीचा पूल १६५ दिवसांत होणार नाही, पण पैसा, जागा आणि लक्ष या तीन गोष्टी जुळल्या की किती फरक पडतो ते यावरून कळतं.

"फेरीबोट आहे ना, मग पूल कशाला?"

फेरीबोटींनी कोकणाचं फार भलं केलं आहे. गणपतीत आणि मे महिन्यात त्या नसत्या तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. पण फेरीबोटीला वेळापत्रक असतं. शेवटची फेरी गेली की खाडीचं दार रात्रीपुरतं बंद. गुहागर तालुक्यातल्या बाळंतिणीला रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या तर दाभोळचा दिवा दिसत असूनही ती गाडी चिपळूणकडेच वळवावी लागते. वादळाचा इशारा आला की बोट बंद.

पूल झाला म्हणून फेरीबोट संपते असंही नाही. सावित्रीवरचा आंबेतचा पूल दुरुस्तीसाठी बंद ठेवावा लागला, तेव्हा माणसांना पुन्हा फेरीबोटच कामी आली. माझ्या मते सरकारनं फेरीला तात्पुरती सोय न मानता महामार्गाचाच भाग मानावं. धक्क्यापर्यंतचा रस्ता चांगला करावा, रात्रीची आपत्कालीन फेरी ठेवावी. पूल होईल तेव्हा होईल, त्याआधीची वर्षं माणसांना काढायची आहेत.

"आधी मुंबई-गोवा पूर्ण करा"

पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि दशक उलटलं तरी संपलं नाही, तेव्हा हा आक्षेप येणारच. पण दोन्ही रस्त्यांचं काम वेगळं आहे. राष्ट्रीय महामार्ग ६६ लांब पल्ल्याचा, ट्रकचा, मुंबईहून थेट कणकवलीला जाणाऱ्याचा. सागरी मार्ग मुरूडहून श्रीवर्धनला, दाभोळहून गुहागरला जाणाऱ्याचा. शिवाय तिजोऱ्याही वेगळ्या : पहिला केंद्राचा, दुसरा राज्याचा. एक थांबवल्यानं दुसऱ्याला पैसा मिळत नाही.

इथं आणखी एक गोंधळ मिटवायला हवा. बातम्यांत चार नावं एकमेकांत मिसळतात. मुंबई शहरातला मरीन ड्राइव्ह ते वरळी हा किनारी रस्ता पूर्णपणे वेगळा. कोकण द्रुतगती मार्ग म्हणून ज्याची चर्चा होते तो पनवेलच्या बाजूनं सिंधुदुर्गकडे जाणारा, कुंपण घातलेला, ठरावीक जागीच चढता-उतरता येईल असा नवा रस्ता. शक्तिपीठ मार्ग वर्ध्याकडून गोव्याच्या सीमेपर्यंतचा. आणि चौथा हा आपला रेवस-रेड्डी. तुमच्या सातबाऱ्यावर नोटीस आली तर ती यातल्या कोणत्या प्रकल्पाची आहे, ते सर्वांत आधी तपासा. कोकणात लोक या नावांत फसतात आणि हरकतीची मुदत निघून जाते.

"रस्ता आला की कोकण संपेल"

हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. अलिबाग तालुक्यात जमिनींचं काय झालं ते डोळ्यांसमोर आहे. अटल सेतूनंतर करंजा-रेवस पूल झाला की मुंबईकराला वडखळचा वळसा उरणार नाही, आणि जमीन विकत घेणाऱ्यांची पुढची नजर मुरूड-श्रीवर्धनवर पडेल. वेळासला समुद्रकासवं अंडी घालायला येतात. त्यांची पिल्लं रात्री उजेडाच्या दिशेनं वळतात. किनाऱ्यालगत दिव्यांची रांग आली तर ती समुद्राऐवजी रस्त्याकडे जातील. सड्यावरच्या कातळात पावसाळ्यात फुलणारी रानफुलं, कातळशिल्पं, हे सगळं आखणीच्या रेषेत येऊ शकतं.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे : पूल आधी, रुंदीकरण नंतर, आणि रुंदीकरणही सगळीकडे नाही. गावांना हवी आहे ती जोडणी. दोन पदरी चांगला रस्ता, पक्क्या साइडपट्ट्या, वळणांवर आरसे आणि कठडे, मोऱ्यांची नीट निगा, एवढ्यानं किनाऱ्याचं काम भागतं. आगरं कापून चार पदर टाकले तर वाहनं वेगानं गावातून निघून जातील. चहाच्या टपरीवर कोणी थांबणार नाही आणि शाळेची पोरं रस्ता ओलांडायला घाबरतील. रस्ता गावातून जावा की बाहेरून, हेही प्रत्येक गावानं वेगळं ठरवावं. बाजारपेठेच्या गावाला बाहेरचा रस्ता नको असतो, अरुंद आळीच्या गावाला तोच हवा असतो. आखणीचा नकाशा ग्रामसभेत मांडला जातो तेव्हा जाऊन बसायला हवं. मुंबईतल्या चाकरमान्यांनीसुद्धा एक दिवस रजा टाकून यायला हवं.

पुढची बातमी वाचताना

भूमिपूजन झालं, असं छापून येईल तेव्हा जमीन ताब्यात आहे का, कांदळवनाची परवानगी मिळाली का, आणि पोचमार्ग त्याच निविदेत आहेत का हे शोधा. खाडीत पूल उभा आणि दोन्ही बाजूंना रस्ता नाही, अशी वेळ येऊ नये म्हणून तिसरा प्रश्न विसरू नका.

तोवर रेवसहून रेड्डीला निघणाऱ्यानं चार फेऱ्यांची वेळ जुळवून निघावं : आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. शेवटची फेरी किती वाजता, ते आदल्या दिवशी विचारून घ्यावं. शिमग्याला आणि गणपतीला धक्क्यावर गाड्यांची रांग लागते, तेव्हा तासभर हाताशी ठेवावा. पावसाळ्यात निघाला असाल तर त्या दिवशी बोट सुटते आहे का, ते घाट उतरण्याआधी फोन करून विचारावं, कारण खाली धक्क्यावर पोहोचल्यावर परतीची वाट पुन्हा खेड-चिपळूणवरूनच आहे.